एकदा नको म्हटलं ना!

विंडोज ७ वापरलेल्यांना आठवत असेल, अपडेटची यादी उघडायची, नको असलेल्या अपडेटवर राईट क्लिक करायचं आणि 'हाईड अपडेट' म्हणायचं. संपला विषय. ते अपडेट यादीतून जायचं, आणि उद्या मत बदललंच तर लपवलेली अपडेट्स परत आणायची लिंक तिथेच डाव्या बाजूला होती. सेटिंगमध्ये जे चार पर्याय होते त्यातला शेवटचा तर चक्क 'अपडेट कधीच तपासू नका' असा होता, त्याच्यापुढे 'हे आम्ही सुचवत नाही' एवढं लिहून कंपनी बाजूला झालेली. २००९ सालचं सॉफ्टवेअर आहे हे. म्हणजे 'नको' हे उत्तर ऐकून लक्षात ठेवणं ही काही अवघड टेक्नॉलॉजी नाहीये, ती होती, चालत होती, आणि मग ठरवून काढून टाकली.

मी सांगलीत छोटी ऑफिसं, दवाखाने, दुकानं यांचे पीसी सांभाळतो, एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीची कामं. मला येणारे बरेचसे फोन 'स्क्रीनवर हे काय आलंय, काय दाबू' याच जातीचे असतात. आणि जे आलेलं असतं त्यात बटणं ठरलेली. आत्ता करा, आज रात्री करा, नंतर आठवण करा. बास. विंडोजमध्ये तो 'चला, सेटअप पूर्ण करूया' वाला पूर्ण स्क्रीनभर येणारा प्रकार आहे, त्याच्यात तर बटणावरच लिहिलेलं असायचं, ३ दिवसांनी आठवण करा. अरे पण मला आठवणच नकोय ना, ३ दिवसांनी पण नको आणि ३० दिवसांनी पण नको! आमच्या आईच्या फोनवर रोज रात्री एक खिडकी येते, ती मला म्हणते, 'हे रोज तेच तेच विचारतंय रे, याला एकदा सांगून टाक की नको म्हणून.' आता तिला कसं सांगू की सांगायची सोयच ठेवलेली नाहीये.

लगेच कोणीतरी म्हणणार की अपडेट न करणं धोक्याचं आहे. मान्य, शंभर टक्के मान्य, माझी रोजीरोटीच त्याच्यावर आहे. मी म्हणतोय ते वेगळं आहे. सिक्युरिटीचं असेल तर परत विचारा, दोनदा विचारा, पण भोक कुठे होतं आणि बुजवलंय काय ते सांगून विचारा. बाकी नवीन मेनू, गोल कोपरे, एआयचं बटण, 'नवीन अनुभव' वगैरे जे काय असेल त्याला एकदा नको म्हटलं की ते नोंदवून घ्यायचं आणि गप्प बसायचं. आणि ही दोन प्रकारची अपडेट्स एका गाठोड्यात बांधायची नाहीत. कारण भुणभुण केली की लोक कंटाळून अपडेट करतात असा कंपन्यांचा समज आहे, प्रत्यक्षात लोक कंटाळून अपडेटच बंद करून टाकतात, सगळंच्या सगळं, सिक्युरिटीसकट. हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे विंडोज १० चं प्रकरण. नवीन पोरांना हे माहीत नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१५ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ च्या पीसीवर घड्याळाशेजारी विंडोजचं छोटं पांढरं चिन्ह यायला लागलं, 'गेट विंडोज १०'. ते आलं कुठून तर केबी ३०३५५८३ नावाच्या अपडेटमधून, म्हणजे ज्या रस्त्याने सिक्युरिटीचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणारी ठिगळं, येतात त्याच रस्त्याने जाहिरात आली. २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं, वर्षभर फुकट अपग्रेड. फुकट म्हटल्यावर तक्रार कसली, असं वाटेल. पण त्याच सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की ज्यांनी अपग्रेड मागितलेलंच नाही त्यांच्याही मशीनवर त्याच्या फाईली आधीच उतरवून ठेवल्या जातायत, काही जीबीच्या. जिओ यायला तेव्हा अजून वर्ष होतं हो! आपल्याकडे लोक डोंगलवर महिन्याला एक-दोन जीबीचा पॅक मारून मेल बघायचे, त्यात हे.

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये हे अपग्रेड 'रेकमेंडेड' अपडेटच्या खात्यात टाकलं, म्हणजे ज्यांचं ऑटोमॅटिक चालू होतं त्यांच्याकडे ते आपोआप सुरू व्हायला लागलं. मार्चमध्ये तर कमाल, इंटरनेट एक्सप्लोररच्या सिक्युरिटी पॅचबरोबर असा कोड आला की नवीन टॅब उघडला की विंडोज १० ची पट्टी दिसणार. सिक्युरिटी पॅचमध्ये जाहिरात! आणि मे महिन्यात ती प्रसिद्ध खिडकी आली, 'तुमचं अपग्रेड अमुक तारखेला ठरलंय', आणि वर कोपऱ्यात लाल फुली. आता फुली दाबली की खिडकी बंद, काही नको, हे आपण विंडोज ९५ पासून शिकलोय. इथे फुली दाबली तर त्याचा अर्थ 'ठीक आहे, ठरल्याप्रमाणे होऊ दे' असा धरला जायचा. वीस वर्षं लोकांच्या बोटांना जी सवय लावली तिचाच असा वापर करायचा म्हणजे हद्द आहे.

नको म्हणण्यासाठी तेव्हा लोकांना वेगळी सॉफ्टवेअरं डाउनलोड करायला लागली, स्टीव्ह गिब्सनचं 'नेव्हर१०' किंवा ते 'जीडब्ल्यूएक्स कंट्रोल पॅनेल'. कॅलिफोर्नियात सॉसालिटो गावात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंनी तर कोर्टात केस टाकली, की न विचारता अपग्रेड सुरू झालं आणि पीसी कामातून गेला, आणि १०,००० डॉलर मिळवले, मायक्रोसॉफ्टने आपली चूक काही मान्य केली नाही पण अपील सोडून दिलं. हे बाहेर आलं जून २०१६ मध्ये. आणि त्याच महिन्याच्या शेवटी, फुकटची मुदत संपायला जेमतेम महिना असताना, कंपनीने सांगितलं की आता खिडकीत 'ऑफर नको' असं सरळ बटण देतो. म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष गेलं एका बटणासाठी. पुढे डिसेंबरात त्यांचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख ख्रिस कॅपोसेला यांनी स्वतःच कबूल केलं की त्या फुलीच्या बाबतीत आम्ही फार पुढे गेलो.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. लोकांनी काय केलं, तर सर्व्हिसेस उघडून विंडोज अपडेटच डिसेबल करून टाकलं. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ, नाक्यावरचा रिपेअरवाला फॉरमॅट मारून देताना वर फुकट सेवा म्हणून अपडेट बंद करून देणार, आणि 'आता काही त्रास नाही बघा' असं वर सांगणार.

आणि मग आलं २०१७. मार्चच्या १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० नावाचा पॅच काढला. त्या पॅचने बुजणाऱ्याच भोकातून १२ मे ला वॉनाक्राय नावाचा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, इंग्लंडमधली सरकारी हॉस्पिटलं ठप्प, ऑपरेशन्स पुढे ढकलली, जगभर गोंधळ. पॅच येऊन दोन महिने होत आले होते तेव्हा. ज्यांना लागण झाली त्यात बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, ज्या विंडोज ७ वाल्यांना आदल्या वर्षी छळ छळ छळलं होतं तीच. आता मी असं म्हणणार नाही की त्या छळामुळेच हे झालं, तेवढा सरळ हिशोब कोणी लावू शकत नाही, मोठ्या संस्थांची अपडेट न करण्याची कारणं वेगळी असतात, चाचण्या, जुनी मशिनरी, पायरेटेड कॉप्या, बरंच काय काय. पण 'अपडेट म्हणजे कटकट, बंद करून टाका' हे लोकांच्या डोक्यात भरवलं कोणी, ते बघायला पाहिजे की नको?

बरं, 'सगळं अपडेट करा म्हणजे सुखी राहाल' हे पण खरं नाही. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. तो शिरला कसा माहितीये? युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशोबाचं, टॅक्सचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी कंपनीच्या अपडेट सर्व्हरवरच ताबा मिळवला होता, त्यामुळे ज्यांनी गुणी विद्यार्थ्यासारखं अपडेट घेतलं त्यांच्याच घरात चोर आला. तिथून मेर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क झोपलं आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीत मेर्स्कच्या गटाचं टर्मिनल आहे तिथलं कामकाज कोलमडलं, कंटेनर अडकून पडले. आणि गंमत अशी की आत शिरल्यावर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरायला त्याने जे रस्ते वापरले त्यातला एक तोच, मार्चच्या पॅचने बंद होणारा. म्हणजे शिरला अपडेट घेतल्यामुळे आणि पसरला काही अंशी अपडेट न घेतल्यामुळे. याच्यावरून काय शिकायचं ते शिका, मी तरी एवढंच शिकलो की 'अपडेट' नावाखाली सगळं एका तागडीत तोलता येत नाही.

आणि १९ जुलै २०२४ विसरून कसं चालेल. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं एक अपडेट बिघडलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर बंद पडल्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, फोटो सगळ्यांनी बघितले असतील. पण त्यातला माझ्या विषयाचा भाग फार कमी लोकांनी वाचला. मोठ्या कंपन्यांच्या आयटीवाल्यांनी आधीच सेटिंग करून ठेवलेलं होतं की आम्हाला एकदम ताजी आवृत्ती नको, एक मागची द्या, कोणी दोन मागची द्या. शहाणी माणसं. पण ते सेटिंग फक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य आवृत्तीला लागू होतं, हे जे झटपट जाणारं कंटेंट अपडेट होतं ते त्या सेटिंगला विचारतच नव्हतं, सगळ्यांना एकदम गेलं. 'नको' सांगितलेलं होतं, ते वाटेत कुठेतरी गळालं. नंतर कंपनीने जाहीर केलं की याच्यावरही आता ग्राहकांना ताबा देऊ. नंतर.

माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकाची गोष्ट सांगतो, तेवढं पुरे. गणपती पेठेच्या बाजूला एक डीटीपीवाले काका आहेत, लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थेचे अहवाल. त्यांचं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं, मराठी फाँटचं पॅकेज त्याहून जुनं, युनिकोडच्या आधीचं, म्हणजे आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून फाँटने मराठी दिसतं, आणि ते पॅकेज चालायला मागे यूएसबीत एक लॉक लावायला लागतं. हे सगळं हललं की दुकान बंद. म्हणून काका कुठल्याही खिडकीला 'नंतर' म्हणायचे, इमानदारीत, रोज. लग्नसराई चालू, दुपारी फोन.

'अरे, स्क्रीनवर गोल गोल फिरतंय आणि टक्का काय हलंना. पत्रिकेचं प्रूफ द्यायचंय, नवरीचा मामा हितं बसलाय. बटण बंद करू काय?'

'काका, अजिबात नको, वायर पण काढू नका, आलोच मी.'

गेलो तर मामा खुर्चीत, हातात हळदीचे डाग पडलेला कच्चा कागद, त्याच्यावर निमंत्रकांची नावं पेनने वाढवलेली, आणि सगळे मिळून टक्क्याकडे बघतायत. तासाभराने पीसी उठला. नवीन वॉलपेपर, नवीन मेनू, खालच्या पट्टीत मधेच हवामान दाखवणारं काहीतरी, सांगलीत ऊन आहे हे आम्हाला माहीत होतं. आणि मराठी फाँटचं लॉक सापडत नाही असा एरर. पत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. लॉकचा जुना ड्रायव्हर नवीन आवृत्तीने बाजूला टाकला होता. मी मागच्या आवृत्तीवर परत नेला, त्याला संध्याकाळ झाली, मामा दुसऱ्या दिवशी आला.

काका शांतपणे म्हणाले, 'याचं नेट काढून टाक.' मी समजावलं, की काका अख्ख्या गावाचे पेन ड्राईव्ह तुमच्या मशीनला लागतात, हे मशीन तर सगळ्यात आधी अपडेट पाहिजे. ते म्हणाले, 'मला सांगत होतास की नंतर दाबत जा म्हणून. किती वेळा दाबायचं?' याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये. नेट काढलं. त्या मशीनला त्यानंतर एकही सिक्युरिटी पॅच गेलेला नाही. त्या हवामानाच्या चिन्हापायी.

आता हे गाठोड्याचं बघू. आमच्या भागात शेतकऱ्याला विचारा लिंकिंग म्हणजे काय, शिव्या देऊन सांगेल. युरियाची दोन पोती पाहिजेत तर बरोबर ही बाटली घ्यायला लागेल, ती नको तर युरिया शिल्लक नाही. अपडेटचं तेच झालंय, भोक बुजवायचा पॅच पाहिजे तर बरोबर नवीन स्टार्ट मेनू घे. विंडोज ७ आणि ८.१ ला ऑक्टोबर २०१६ पासून महिन्याचं एकत्र गाठोडं सुरू झालं, त्याच्या आधी एकेक पॅच निवडता यायचा. फक्त सिक्युरिटीचं वेगळं गाठोडं कंपन्यांच्या आयटीवाल्यांसाठी ठेवलं होतं, घरच्या माणसाला ते सहज मिळत नव्हतं. तांत्रिक कारण आहे याला, खोटं नाही, प्रत्येकाने वेगवेगळे पॅच घेतले तर लाखो वेगवेगळी कॉम्बिनेशन होतात आणि टेस्टिंग अशक्य होतं. कळतं मला. पण ते पॅचपॅचमधलं झालं, त्याच्यात मेनू आणि जाहिराती कशाला?

ॲपलने एकदा हे बरोबर केलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा सेटिंगमध्ये सरळ सोय दिली, की १५ वर जायचं नसेल तर १४ वरच राहा, सिक्युरिटीचे पॅच आम्ही देत राहू. मी लोकांना कौतुकाने सांगत होतो. जानेवारी २०२२ मध्ये ती सोय गेली, आणि कंपनीचं म्हणणं की ती तात्पुरतीच होती. तात्पुरती असल्याचं आधी ठळकपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि लोक उगाच घाबरत नाहीत हो. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोकला, जुन्या फोनवर जड अपडेट घ्यायला लावून फोन मंद केले म्हणून. एचपीच्या काही प्रिंटरनी २०१६ च्या सप्टेंबरात एका ठरावीक तारखेपासून दुसऱ्या कंपनीची काडतुसं ओळखणंच बंद केलं, ते पण आधी फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून ठेवलेलं होतं, नंतर माफी मागून वेगळं फर्मवेअर दिलं. इथे रिफिल करून वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी अपडेट हेच व्हायरस ठरलं की. अशा बातम्या वाचून कोणी 'नको' म्हटलं तर त्याला अडाणी म्हणायचं?

माझा एक मित्र पुण्यात सिक्युरिटीत आहे, त्याच्याशी यावर माझं कायम वाजतं. तो म्हणतो, साध्या माणसाला धोका किती आहे ते कळत नाही, आणि त्याचं मशीन हॅक झालं तर ते बाकीच्यांवर हल्ले करायला वापरलं जातं, मग हा त्याचा एकट्याचा प्रश्न राहतच नाही. बरोबर आहे त्याचं. म्हणून तर मी सिक्युरिटीच्या बाबतीत परत विचारायला परवानगी देतोय. पण साध्या माणसाला कळत नाही तर त्याला कळेल असं लिहा ना! 'बग फिक्स आणि परफॉर्मन्स सुधारणा' हे काय वर्णन झालं? प्ले स्टोअरवर बँकेच्या ॲपपासून टॉर्चच्या ॲपपर्यंत सगळ्यांचं हेच एक वाक्य. आठवण करायची चांगली पद्धत बघायची तर क्रोमचं बघा, अपडेट आलेलं असलं तर कोपऱ्यात रंग बदलायचा, दोन दिवसांच्या आतलं असेल तर हिरवा, चार दिवस झाले की केशरी, आठवडा उलटला की लाल. ना खिडकी मधे येते, ना काम थांबतं, आणि ज्याला कळतं त्याला लाल बघून आपोआप घाई होते. आता क्रोमही काही संत नाही, पण हे एक त्यांना जमलंय.

फायरफॉक्सवर माझं प्रेम, म्हणून राग पण त्यांच्यावर जास्त. 'कधीच तपासू नका' हा पर्याय त्यांच्या सेटिंगमध्ये होता, ऑक्टोबर २०१८ च्या ६३ आवृत्तीत काढला. ज्यांना हवंच आहे त्यांनी इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये 'डिस्ट्रिब्यूशन' नावाचं फोल्डर करून त्यात पॉलिसीची फाईल टाकायची. चालतं ते, मी टाकतो, पण हे माझ्यासारख्याला जमणार, काकांना नाही. लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, डेबियन आणि उबंटूत एखादं पॅकेज 'होल्ड'वर टाकता येतं हे खरं, पण उबंटूच्या स्नॅप नावाच्या नव्या पॅकेज पद्धतीत कायमचं थांबवायची सोय मिळायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला, तोवर 'पुढे ढकला' एवढंच होतं.

कायद्याचं थोडं. ३० नोव्हेंबर २०२३ ला आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे स्क्रीनवरून ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत आणि त्यातला एक चक्क 'नॅगिंग', म्हणजे भुणभुण, आहे. वेबसाईटने परत परत 'आमचं ॲप घ्या' म्हणणं, नोटिफिकेशन चालू करा म्हणून सतत विचारणं आणि 'नाही'चा पर्यायच न देणं, ही उदाहरणं तिथेच लिहिलेली आहेत. वाचून मला इतका आनंद झाला! मग नीट वाचलं तर अट आहे, ही भुणभुण व्यवहार घडवून आणण्यासाठी, काहीतरी धंद्याचा फायदा करून घेण्यासाठी असली पाहिजे. म्हणजे नुसत्या फुकटच्या अपडेटची आठवण त्यात बसवणं अवघड. पण 'तुमचा पीसी नवीन विंडोजला चालत नाही, नवीन पीसी घ्या' किंवा 'आमच्या एआयचं सबस्क्रिप्शन घ्या' असं अपडेटच्या खिडकीतून परत परत आलं तर? माझ्या मते बसतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, माझ्या गिऱ्हाइकांकडे चौथ्या पिढीचे आय३ अजून टुणटुणीत चालतायत. त्यांना रोज 'नवीन घ्या' म्हणणं ही सुरक्षेची आठवण की दुकानाची, हे कोणीतरी १९१५ ला फोन लावून ग्राहक हेल्पलाईनला विचारायला पाहिजे.

युरोपने मात्र मुद्द्याला हात घातलाय. त्यांचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला, त्यातल्या मुख्य अटी कंपन्यांवर ११ डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील. त्यात लिहिलंय की सिक्युरिटी अपडेट आपोआप चालू असावं, पण ते बंद करायची सोपी आणि स्पष्ट सोय असावी, तात्पुरतं पुढे ढकलता यावं, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सिक्युरिटीचं अपडेट नवीन फीचरच्या अपडेटपासून वेगळं द्यावं. हेच, हेच तर मी वर बडबडतोय! एकदा त्यांच्यासाठी वेगळं केलं की आपल्यासाठी परत गाठोडं बांधण्यात कंपनीला काय मिळणार, अशी आशा. युरोपच्या नियमामुळे चार्जरचं झालं ना तसं, सी टाईप.

तोवर मी गिऱ्हाइकांकडे काय करतो ते सांगतो. विंडोजची प्रो एडिशन असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या जागी, 'टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' म्हणून आहे, तिथे चालू आवृत्ती लिहून टाकायची, म्हणजे तिचा सपोर्ट संपेपर्यंत पॅच येत राहतात आणि मोठी आवृत्ती येत नाही. ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळेत अपडेटसाठी पीसी आपोआप रीस्टार्ट होत नाही ते तास, १८ तासांपर्यंत वाढवता येतात, दुकानवाल्यांना मी सकाळी ७ ते रात्री १ देतो. ती 'सेटअप पूर्ण करा' वाली भुणभुण सिस्टीम, नोटिफिकेशन, आणि एकदम खाली जादा सेटिंगमध्ये टिक काढली की जाते, लपवून ठेवलीये पण जाते. आयफोनला सिक्युरिटीचं बटण वेगळं आहे, ते चालू ठेवा, ऑटोमॅटिक अपडेटचं बंद करा, आणि उतरवून ठेवलेलं अपडेट आयफोन स्टोरेजमध्ये जाऊन डिलीट केलं की काही काळ तरी रात्रीची खिडकी थांबते. अँड्रॉइडला प्ले स्टोअरमध्ये एकेका ॲपचं ऑटो अपडेट तीन ठिपक्यांतून बंद करता येतं, बँकेचं आणि यूपीआयचं बंद करू नका एवढं ऐका.

आणि विंडोज होम असेल तर यातलं ग्रुप पॉलिसीचं काहीच मिळत नाही. पॉज दाबायचं, जास्तीत जास्त पाच आठवडे, ते संपले की आधी साचलेलं सगळं गिळायचं आणि मगच परत पॉज. म्हणून बरेच जण वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवतात, मग मोठे डाउनलोड थांबतात आणि तातडीचे तेवढे येतात, ती सोय मुळात डोंगलवाल्यांसाठी आहे. माझ्या घरी पण तेच केलंय, १०० एमबीपीएसचं फायबर आहे आणि पीसीला सांगून ठेवलंय की आमच्याकडे डेटा कमी आहे, जपून वापर.